ब्रिटिश वैमानिकाची लष्करी कारकीर्द शोधताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांनी विचारलेत, काही मी स्वतःलाच विचारलेत, आणि एक-दोन तर एका काकूंनी खडकीच्या वॉर सिमेट्रीत उभं राहून विचारलेत. तिथं गेलात तर बघा, हवाई दलातल्या माणसाच्या दगडावर गरुडाचा बिल्ला कोरलेला असतो, खाली नाव, नंबर, हुद्दा, तारीख. एवढंच. त्या चार ओळींवरून अख्खी कारकीर्द काढायची म्हणजे काय करायचं, त्याबद्दल हे सगळं. दाखल्यासाठी जास्त करून गाय गिब्सन घेतलाय, जर्मनीतली धरणं फोडणाऱ्या ६१७ स्क्वॉड्रनचा तोच तो. त्याचे कागद भरपूर शिल्लक आहेत म्हणून. शिवाय जन्म सिमल्याचा, १९१८ चा, म्हणजे अगदीच परका नाही.

माझ्याकडे फक्त नाव आहे. सुरुवात कुठून करू?

नावावरून नका करू. खरंच. जॉन स्मिथ किती असतील विचार करा. आधी घरात शोधा, ट्रंकेत, फोटोच्या मागं, जुन्या पाकिटावर, आणि कुठंही चार ते सात आकडी नंबर दिसला तर तो पहिला लिहून घ्या. तो सर्व्हिस नंबर. गिब्सनचा होता ३९४३८. नावाचं स्पेलिंग कारकून चुकवतो, इनिशियल्स उलटीपालटी होतात, पण नंबर सहसा नीट लिहितात कारण पगार त्यावर निघतो.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. सार्जंट म्हणून भरती झालेल्या माणसाला पुढं कमिशन मिळालं की त्याला ऑफिसरचा नवा नंबर मिळायचा. मग एकाच माणसाचे दोन नंबर, दोन वेगळ्या याद्या, आणि आपण समजतो दोन माणसं आहेत. मी एकदा असाच तीन महिने एका माणसाचा ‘भाऊ’ शोधत होतो. भाऊ नव्हताच, तोच होता.

नंबर नसेल तर तीन गोष्टी ठरवा: ऑफिसर की इतर, कुठलं दल, आणि साधारण कुठलं वर्ष. या तिन्हीवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आरएफसी, आरएनएएस, आरएएफ, हे सगळं एकच ना?

नाही हो, आणि इथंच निम्मे लोक अडकतात. रॉयल फ्लाइंग कोअर १९१२ ला सुरू झालं, ते लष्कराचं. रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस नौदलाची. १ एप्रिल १९१८ ला दोन्ही एकत्र करून रॉयल एअर फोर्स झाली. म्हणजे १९१७ सालचा पायलट ‘आरएएफमध्ये होता’ असं घरात कितीही सांगत असले तरी तो तेव्हा आरएएफमध्ये असूच शकत नाही, त्याचे तेव्हाचे कागद एक तर लष्कराच्या कपाटात नाहीतर नौदलाच्या.

हुद्दे पण बघा. फ्लाइंग ऑफिसर, स्क्वॉड्रन लीडर, विंग कमांडर ही नावं ऑगस्ट १९१९ ची. त्याआधी आरएएफमध्येही लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असंच चालायचं. त्यामुळं १९१८ चा ‘कॅप्टन’ बघून तो पायदळातला असेल असं समजू नका.

नौदलाकडून आलेल्या साध्या जवानांचे नंबर ओळखायची एक सोपी खूण आहे, जुन्या एफ नंबरात दोन लाख मिळवायचे. एफ १२३४ चा झाला २०१२३४. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, घरात कुणालाच का ते कळलं नाही.

पहिल्या महायुद्धातल्या ऑफिसरचं रेकॉर्ड कुठं मिळेल?

लंडनच्या पश्चिमेला क्यू नावाची जागा आहे, तिथं ब्रिटनचं नॅशनल आर्काइव्हज. त्यांच्या फाइल्सना खात्याची अक्षरं आणि आकडा असतो, एअर म्हणजे हवाई खात्याची, डब्ल्यूओ लष्कराच्या वॉर ऑफिसची, एडीएम नौदलाची; साइटवर शोधताना ती अक्षरं इंग्रजीतच टाइप करायची. एअर ७६ म्हणजे आरएएफच्या सुरुवातीच्या ऑफिसरांची रेकॉर्ड्स. ती घरबसल्या डाउनलोड होतात. एक-दोन पानंच असतात पण त्यात कुठल्या तारखेला कुठल्या युनिटला, कुठली विमानं उडवली, कधी मेडिकल बोर्ड झालं, असं बारीक अक्षरात ठासून भरलेलं असतं, शिक्के एकावर एक, आणि निम्मं संक्षेपात.

जो लष्करातून आरएफसीत आला त्याची फाइल डब्ल्यूओ ३३९ किंवा ३७४ मध्ये बघायची, आणि आरएनएएसचा ऑफिसर असेल तर एडीएम २७३. आणि जो युद्धानंतरही नोकरीत राहिला, १९२० च्या पुढंही बरीच वर्षं, तो एअर ७६ मध्ये नसतोच, त्याची फाइल हवाई दलाबरोबर पुढं गेली. ‘माझे पणजोबा एवढे मोठे ऑफिसर आणि रेकॉर्डच नाही’ अशी तक्रार असते ना, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

याशिवाय दोन गोष्टी बघाच. एक, रॉयल एरो क्लबची सर्टिफिकेट कार्डं, पायलट झाल्याचा दाखला, जन्मतारीख जन्मगाव कुठल्या विमानावर शिकला हे सगळं, नशीब असेल तर सोबत छोटासा फोटो. दोन, हेंडनच्या आरएएफ म्युझियमकडं असलेले आरएफसी ऑफिसरांचे ‘कॅज्युअल्टी फॉर्म’. नाव वाचून घाबरू नका. कॅज्युअल्टी म्हणजे जखमी झाला असं नाही, माणूस एका युनिटमधून दुसऱ्यात गेला, रजेवर गेला, परत आला, गालगुंड होऊन दवाखान्यात पडला, सगळं त्यात. म्हणजे आपल्याकडचं सर्व्हिस बुकच म्हणा.

आमचे ऑफिसर नव्हते, मेकॅनिक होते. त्यांचं काही मिळेल का?

कधीकधी ऑफिसरापेक्षा जास्त मिळतं. एअर ७९ मध्ये सुरुवातीच्या साधारण सव्वातीन लाख जवानांची रेकॉर्ड्स आहेत.

इथं एक चमत्कारिक नशिबाची गोष्ट आहे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडले त्यात लष्कराचं एक रेकॉर्डचं गोदाम जळालं आणि पहिल्या महायुद्धातल्या साध्या सैनिकांची बहुतेक कागदपत्रं राख झाली, जी उरली ती कडा जळालेली, पाण्यानं भिजलेली. पण आरएफसीचा जो मेकॅनिक १ एप्रिल १९१८ ला नोकरीत होता त्याचे कागद तोवर आरएएफकडं गेलेले होते, त्यामुळं ते वाचले. जो त्याच्या आधी वारला किंवा घरी गेला त्याचे कागद लष्कराच्याच गोदामात राहिले. म्हणजे ३० मार्चला डिस्चार्ज मिळाला की कागद जळायचा धोका, दोन एप्रिलला मिळाला तर सुखरूप.

दुसऱ्या महायुद्धातल्या माणसाची सर्व्हिस फाइल कशी मागवायची?

ही रेकॉर्ड्स बरीच वर्षं ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाकडंच होती. २०२२ पासून ती टप्प्याटप्प्यानं नॅशनल आर्काइव्हजकडं जातायत, त्यामुळं तुमच्या माणसाची फाइल आज कुणाकडं आहे ते आधी सरकारी साइटवर बघा आणि मग अर्ज करा. जन्माला ११५ वर्षं झालेली नसतील तर मृत्यूचा पुरावा लागतो. सख्खा वारस अर्ज करत असेल तर जास्त माहिती मिळते, तिऱ्हाईताला कमी. वेळ लागतो, महिनोन्महिने लागतो, म्हणून अर्ज टाकून द्यायचा आणि तोवर खालच्या गोष्टींवर काम करायचं. फाइलची वाट बघत हातावर हात धरून बसू नका कारण फाइल आली तरी तीत असतं काय, तर तारखा आणि युनिटची नावं. त्या दिवशी माणूस कुठं उडाला हे त्यात नसतं.

मग तो रोज काय करत होता हे कुठं कळणार?

ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक. सगळे त्याला ओआरबी म्हणतात. एअर २७. प्रत्येक स्क्वॉड्रनचं रोजचं पुस्तक, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सगळ्यात मजेचा भाग.

त्याचे दोन फॉर्म असतात. ५४० मध्ये रोजचा गोषवारा: हवा खराब, उड्डाण नाही, क्रिकेटची मॅच, अमुक आले, तमुक गेले. ५४१ मध्ये प्रत्येक विमानाची ओळ: तारीख, विमानाचा प्रकार आणि नंबर, क्रूची नावं, काम काय, वर कधी गेलं, खाली कधी आलं, काय घडलं.

आता ६१७ स्क्वॉड्रनचं मे १९४३ चं घ्या. १६ तारखेच्या रात्री एकोणीस लँकेस्टर बॉम्बर विमानं गेली, १३३ माणसं. गिब्सनचं विमान ईडी ९३२, स्कॅम्प्टनच्या विमानतळावरून निघालं ते रात्री ९ वाजून ३९ मिनिटांनी. आपण पुण्यात बसून वाचतो आणि डोळ्यांपुढं मिट्ट काळोख येतो. चूक. युद्धात ब्रिटननं उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढं केलेली होती, डबल समर टाइम, त्यामुळं त्या वेळी सूर्य नीट मावळलासुद्धा नव्हता, निरोपाला आलेल्या लोकांना विमानं स्वच्छ दिसत होती. एवढ्या एका गोष्टीनं सगळं चित्र बदलतं. म्हणून वेळ दिसली की आधी विचारा, हे कुणाचं घड्याळ.

तारखेचंही तसंच. रात्रीचा हल्ला म्हणजे १६/१७ मे असं लिहायची पद्धत. परत न आलेल्या माणसाची मृत्यूची तारीख एका कागदावर १६ असते दुसऱ्यावर १७, आणि नातेवाईक भांडत बसतात. दोन्ही एकाच रात्रीच्या. त्या रात्री आठ विमानं परत आली नाहीत, ५३ माणसं गेली, तिघं कैदी झाले.

ओआरबी लिहिणारा माणूस कोण होता हे पण डोक्यात ठेवा. बहुतेकदा ज्याला उडायचं काम नव्हतं असा एखादा ऑफिसर, हाताखाली टायपिस्ट. काही स्क्वॉड्रनची पुस्तकं वाचताना हसू येतं इतकी छान आहेत, आणि काही इतकी कोरडी की महिनाभर ‘नथिंग टू रिपोर्ट’. तुमच्या वाट्याला कुठलं येईल ते नशीब. १९४० मध्ये फ्रान्समधून माघार घेताना आणि १९४२ ला मलाया-सिंगापूर पडताना बरेच कागद गेलेच, त्यामुळं त्या काळातली पानं नसली तर आपलं शोधणं चुकलं असं नाही.

लॉगबुक कुठं मिळेल?

बहुतेकदा मिळणार नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लॉगबुक, म्हणजे स्वतःच्या उड्डाणांची वही, ही त्या माणसाची वस्तू, ते घरी जायचं. न नेलेली हजारो लॉगबुकं हवाई दलाकडं पडून होती ती १९६० मध्ये नष्ट केली, नमुन्यादाखल थोडी ठेवली, ती एअर ४ मध्ये आहेत. गिब्सनचं त्यातच आहे. धरणांच्या हल्ल्याच्या रात्रीसमोर त्यानं काय लिहिलंय? जेमतेम एक ओळ. म्योने आणि एडर धरणांवरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलं, यशस्वी. बास. जगभर गाजलेली रात्र आणि रकान्यात मावेल एवढंच. मला हे फार आवडतं. मागं-पुढं साधी ट्रेनिंगची उड्डाणं, तीसुद्धा तेवढ्याच अक्षरात.

घरात लॉगबुक असेल तर तुम्ही भाग्यवान. वाचताना शाईचा रंग बघा. रात्रीची उड्डाणं लाल शाईत, बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या विभागात, दिवसाच्या ऑप्स (शत्रूवरच्या मोहिमा) बऱ्याचदा हिरव्या. पानाखाली महिन्याच्या तासांची बेरीज आणि फ्लाइट कमांडरची सही. अधूनमधून शेरा असतो: ‘ॲव्हरेज’, ‘अबव्ह ॲव्हरेज’. ॲव्हरेज बघून वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांना तेच मिळायचं आणि हवाई दलाच्या भाषेत ते चांगलंच होतं. पायलटचं लॉगबुक वेगळं आणि ऑब्झर्व्हर-गनरचं वेगळं छापलेलं असायचं, कव्हरवरूनच कळतं.

आणि कृपया ते लॅमिनेट करू नका. सेलोटेप पण नाही.

लॉगबुकात ‘गार्डनिंग’ लिहिलंय. पणजोबा बागकाम करत होते का?

नाही, समुद्रात सुरुंग टाकत होते! विमानातून सुरुंग पेरायचे म्हणून गार्डनिंग, आणि समुद्राच्या भागांना झाडा-फुलांची नावं. फ्रिजियन बेटांजवळचा पट्टा म्हणजे ‘नेक्टरीन्स’, कीलजवळचा ‘फरगेट-मी-नॉट्स’. पत्रकं टाकली तर ‘निकल’. डीसीओ म्हणजे काम पूर्ण, डीएनसीओ म्हणजे झालं नाही, हवा खराब किंवा इंजिन बिघडलं म्हणून परत आले असं काहीतरी. एफटीआर म्हणजे परत आलं नाही, आणि ती तीन अक्षरं शाईत लिहिलेली बघितली की पोटात गलबलतं, कितीही वेळा बघा. विमानासमोर एसओसी असेल तर ते यादीतून काढून टाकलं. ओटीयू म्हणजे ट्रेनिंग युनिट, आणि लक्षात घ्या, ट्रेनिंगमध्ये मेलेले पण खूप आहेत, त्यांना कमी समजू नका.

लंडन गॅझेटमध्ये काय बघायचं?

ऑफिसरची नेमणूक, बढती, राजीनामा, आणि पदकं. गॅझेट फुकट आहे, ऑनलाइन आहे. शोधताना नावाऐवजी कंसातला सर्व्हिस नंबर टाका, कारण जुन्या छापील पानांचं मशीननं केलेलं वाचन भयंकर आहे, नावाची वाट लावतं, आकडे त्यातल्या त्यात बरे येतात. सार्जंट वगैरे लोक गॅझेटमध्ये पदक मिळालं किंवा कमिशन मिळालं तरच येतात, नाहीतर नाही.

गॅझेट शब्दशः वाचा. गिब्सनचा व्हिक्टोरिया क्रॉस २८ मे १९४३ ला जाहीर झाला तिथं तो ‘ॲक्टिंग विंग कमांडर’ आहे, आणि दल लिहिलंय रिझर्व्ह ऑफ एअर फोर्स ऑफिसर्स. ॲक्टिंग म्हणजे हुद्दा त्या कामापुरता, काम संपलं की खाली येऊ शकतो. म्हणून १९४३ मध्ये स्क्वॉड्रन लीडर असलेला माणूस १९४६ ला फ्लाइट लेफ्टनंट दिसला तर त्याला शिक्षा झाली असं लगेच ठरवू नका, युद्ध संपल्यावर हजारो जणांचं असं झालं. आणि गॅझेटची तारीख आणि बढती लागू झाल्याची तारीख यात महिन्यांचं अंतर असतं, दोन्ही लिहून ठेवा.

पदक मिळालं पण का मिळालं ते कुठंच नाही?

डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) आणि एएफसी (एअर फोर्स क्रॉस) ही तेव्हा ऑफिसर आणि वॉरंट ऑफिसरांची असायची, क्रॉसऐवजी मेडल असलेली डीएफएम आणि एएफएम इतरांची, चारही जून १९१८ मध्ये सुरू झाली. पहिल्या महायुद्धात आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला गॅझेटमध्ये चार ओळी कारण छापलेलं असतं. पुढं पदकं एवढी वाढली की नुसती यादी. मूळ शिफारस एअर २ मध्ये शोधायची. त्यात किती सॉर्टी (मोहिमेवरची उड्डाणं), किती तास, कमांडिंग ऑफिसरचं मत, असं सगळं असतं.

बाजारात एक मेडल मिळालं, पायलटचं आहे म्हणाले. नाव कसं शोधू?

एका जुन्या बाजारात माझ्यापुढं एकानं बर्मा स्टार, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या बर्मा आघाडीचं पदक, धरला, ‘साहेब, इंग्रज पायलटचा आहे, ओरिजिनल’. उलटा करून बघितला, मागं कोरं. दुसऱ्या महायुद्धातली स्टार आणि मेडल्स ब्रिटननं नाव न कोरताच दिली. मग पायलटचा की आचाऱ्याचा हे त्या धातूवरून कुणी सांगूच शकत नाही. भारतीय दलातल्या लोकांना दिलेल्या मेडल्सवर मात्र नावं असतात. आणि पहिल्या महायुद्धातल्या मेडल्सच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, दल असं बारीक कोरलेलं असतं. भिंग घेऊन कड बघा आणि मग पैसे काढा. मी तो बर्मा स्टार घेतला नाही. नंतर दोन दिवस घ्यायला हवा होता असं वाटत राहिलं ते सोडा.

घरी सांगतात बारा विमानं पाडली. खरं की खोटं?

खोटं असेलच असं नाही पण ‘बारा दावे’ म्हणा. १५ सप्टेंबर १९४० ला आरएएफनं जाहीर केलं की १८५ जर्मन विमानं पाडली. नंतर जर्मन कागदांशी ताळा केला तर साठच्या आसपास. कुणी मुद्दाम थाप मारली नाही. तीन पायलट एकाच विमानावर गोळ्या झाडतात, तिघांना ते धूर सोडत ढगात जाताना दिसतं, तिघं येऊन तीन सांगतात.

वैमानिकांचे कॉम्बॅट रिपोर्ट एअर ५० मध्ये आहेत, उतरल्यावर लगेच लिहिलेले. वाचताना ‘डिस्ट्रॉइड’, ‘प्रॉबेबल’, ‘डॅमेज्ड’ वेगळे मोजा. पहिल्या महायुद्धात तर ‘आउट ऑफ कंट्रोल’ पण विजयात धरायचे. त्या युद्धातला भारतीय पायलट इंद्रलाल रॉय, त्याचे १० विजय असेच मोजलेले आहेत, ६ ते १९ जुलै १९१८, दोन आठवड्यांत दहा. यानं त्याचं कर्तृत्व कमी होत नाही हो, एकोणीस वर्षांचा मुलगा होता.

मारला गेला किंवा बेपत्ता. तिथून पुढं काय?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट. तिथं नंबर टाकला की कबर किंवा स्मारक. ज्यांची कबर माहीत नाही असे दुसऱ्या महायुद्धातले वीस हजारांहून जास्त हवाई सैनिक विंडसरजवळच्या रनीमीड स्मारकावर आहेत, पूर्वेकडचे सिंगापूरला क्रांजीत, पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर हरवलेले फ्रान्समध्ये आरासला.

मग एअर ८१. ही हवाई मंत्रालयाच्या कॅज्युअल्टी शाखेची फाइल, प्रत्येक अपघाताची वेगळी. ही उघडताना जरा बसून घ्या. आईवडिलांची पत्रं असतात, खिशातल्या वस्तूंची यादी असते, कधी ओळख कशी पटवली त्याचं वर्णन असतं.

बॉम्बर कमांडचा असेल तर लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरचा लॉसेस डेटाबेस बघा, फुकट आहे. त्या एका कमांडचे ५५ हजारांवर लोक गेले.

कैदी झाला होता असं ऐकलंय.

सुटून आल्यावर भरून घेतलेले प्रश्नावलीचे फॉर्म डब्ल्यूओ ३४४ मध्ये, जर्मनांची कैद्यांची कार्डं डब्ल्यूओ ४१६ मध्ये, आणि पळून आलेल्यांचे जबाब डब्ल्यूओ २०८ मध्ये. सगळ्यांचं नसतं. ज्यांचं असतं त्यांच्या कार्डावर कधीकधी फोटो असतो, दाढी वाढलेला, छातीवर पाटी.

ऑप्स मध्येच बंद झाल्या. काय झालं असेल?

बॉम्बर कमांडमध्ये एक टूर साधारण तीस ऑप्सची. तीस झाल्या की माणूस ‘टूर एक्सपायर्ड’, ट्रेनिंग युनिटला शिकवायला. म्हणून आधी मोजा. तीसच्या आसपास थांबल्या असतील तर काही विशेष नाही. अकरावर थांबल्या तर आजारपण, दुखापत, बदली. एलएमएफ, म्हणजे मनोधैर्य नसल्याचा ठपका, हा पण प्रकार होता, आणि त्या काळी तो फार निर्दयपणे लावला जायचा. पण कागदावर ती अक्षरं दिसल्याशिवाय मनानं ठरवू नका. आणि दिसली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी एकदा नाही सांगितलं.

माणूस भारतीय होता पण ब्रिटिश दलात उडाला. वेगळं शोधायचं का?

पहिल्या महायुद्धात असे पायलट चौघं: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल चंदर सेन आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. यांना तेच नियम, एअर ७६, कॅज्युअल्टी फॉर्म, स्क्वॉड्रनचे कागद. वेलिणकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले, २३ स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचे, जून १९१८ अखेर फ्रान्समध्ये वारले, सोम भागातल्या हांगारच्या स्मशानभूमीत कबर आहे. रॉयच्या कबरीच्या दगडावर तर बंगाली अक्षरं कोरलेली आहेत.

अडचण येते ती नावाची. वेलिणकर हे इंग्रजीत वी घालून लिहायचं की डब्ल्यू? कागदांत डब्ल्यू आहे. आपण वी टाकून शोधतो, काही मिळत नाही, आणि ‘इंग्रजांनी नोंदच ठेवली नाही’ म्हणून मोकळे होतो. आपल्या नावांची इंग्रजी कारकुनानं कशी वाट लावली असेल त्याची आधी एक यादी करा: वी-डब्ल्यू, णचा एन, ‘कर’ तुटून वेगळा शब्द, श्री हे मान म्हणून गाळलेलं किंवा पहिलं नाव म्हणून धरलेलं. आडनाव आणि पहिलं नाव उलटं पण टाकून बघा.

दुसऱ्या महायुद्धात १९४० ला इंडियन एअर फोर्सच्या राखीव दलातले चोवीस पायलट ब्रिटनला गेले आणि आरएएफच्या स्क्वॉड्रनमध्ये उडाले, महिंदर सिंग पुजी त्यातलेच. त्यांची सर्व्हिस फाइल भारतीय दलाची, पण रोजची उड्डाणं त्या-त्या ब्रिटिश स्क्वॉड्रनच्या एअर २७ मध्ये. दोन्हीकडं बघावं लागतं.

उलटं झालं तर? इंग्रज पण जन्म भारतातला?

असे ढिगानं आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत, बंगालच्या एन/१, मद्रासच्या एन/२, मुंबई इलाख्याच्या एन/३. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर म्हणजे एन/३. तिथून वडिलांचं खातं कळतं, मग कुटुंबाचं बाकीचं सुचत जातं.

पैसे देऊन रिसर्चर नेमावा का?

क्यूला जाऊन न स्कॅन झालेल्या फाइलचे फोटो काढून आणायचे असतील तर जरूर, विमानाच्या तिकिटापेक्षा स्वस्तच पडतं. पण आधी कुठल्या फाइलचा कुठला नंबर हवाय ते तुम्ही सांगा. मी सुरुवातीला ‘सगळं शोधून द्या’ म्हणून एका माणसाला बरे पैसे पाठवले, त्यानं सुंदर स्पायरल बाइंडिंग करून पाठवलं, आत काय तर गॅझेटची फुकट मिळणारी पानं आणि एक नकाशा.

सगळं बघितलं तरी शेवटचं उड्डाण सापडत नाही.

मग माणूस सोडा आणि विमान धरा. गिब्सनचंच बघा. सप्टेंबर १९४४ मध्ये तो कुठल्याच स्क्वॉड्रनला नव्हता, कॉनिंग्जबीला बेसवर टेबलाची नोकरी. ६१७ चं पुस्तक चाळाल तर तो नाही. १९ तारखेच्या रात्री तो गेला ते ६२७ स्क्वॉड्रनचं मॉस्किटो विमान घेऊन, केबी २६७, सोबत नेव्हिगेटर वॉरविक, आणि हॉलंडमध्ये स्टेनबर्गनजवळ पडला. म्हणजे त्याच्या शेवटच्या रात्रीची नोंद ६२७ च्या ओआरबीत शोधायची, जिथं तो पाहुणा होता. मोठे ऑफिसर, ट्रेनर, आजारी पायलटच्या जागी गेलेला बदली माणूस, या सगळ्यांचं असं होतं. विमानाचा सिरियल नंबर मिळाला की त्याचं कार्ड, आरएएफ म्युझियमकडची अपघाताची कार्डं, कॅज्युअल्टी फाइल, सगळ्याला तोच धागा.

ते मॉस्किटो का पडलं यावर अजून वाद चालू आहे. गावातल्या लोकांनी अवशेष गोळा केले तेव्हा वॉरविकची ओळख पटली, दुसरा कोण ते कळेना. मग एका मोज्यावर लॉन्ड्रीची खूण सापडली, धुवायला टाकताना कपडे हरवू नयेत म्हणून लावतात ती. त्यावर नाव होतं.